डावं वळण

डेपोवरच्या कारकुनाने कार्ड हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि चहात पडलेली माशी काढून ठेवावी तसं टेबलाच्या कडेला ठेवून दिलं.

“हे बाद झालं.”

“बाद कसं? मागच्या महिन्यात याच्यावरच बांबू नेला की.”

“मागच्या महिन्यात बाद नव्हतं.”

डावरीची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. कारकुनाच्या पाठीमागे, तारेच्या कुंपणाआड, बांबू रचून ठेवले होते. हिरवे, ओले, सरळ. नुसत्या वासाने बोटं शिवशिवत होती. मोळी बांधायला आणलेला दोर तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“आता नवीन ओळखपत्र निघालंय,” कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त जेवायला जायचं होतं. “अस्सल पारंपरिक कारागीर, असं छापलेलं असतं त्याच्यावर. समिती घरी येते, तुमच्याकडे आठवड्याने. तुमचे सासरे स्वतःच्या हाताने टोपलीचं बूड घालताना बघते, फोटो काढते. मग कार्ड. मग बांबू.”

“आणि तोवर?”

“तोवर थांबायचं.”

“टोमॅटोची तोडणी महिन्यावर आलीय. मळेवाले थांबतील होय?”

“अहो बाई, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय. कला मरायला टेकली होती, ती जगवायची म्हणून.”

जगवायची तर तिला बांबू लागतो, असं डावरीने मनातल्या मनात म्हटलं आणि ती परत फिरली. ऊन मी म्हणत होतं. रिकामा दोर तसा काही जड नसतो, पण वाटेत चार जणांनी विचारलं, “काय गं, मोळी कुठाय?” आणि चौघांनाही तेच सांगावं लागलं. तेवढ्याने तो जड झाला.

घराच्या ओट्यावर सासरा बसला होता. खाली पाट, मांडीत अर्धी विणलेली टोपली, हातात पट्टी. ही टोपली मागच्या पावसाळ्यापासून अर्धीच होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला अर्धी टोपली पुरते. पुरी झाली की दुसरी सुरू करावी लागते.

त्या घरात कामाची एक पद्धत होती. कामट्या कुणीही चिराव्यात, पट्ट्या कुणीही सोलाव्यात, पण बूड एकाच माणसाने घालायचं. ज्याने बूड घातलं टोपली त्याची, आणि ओट्यावरचा पाटही त्याचा. बाकीच्यांनी दाराच्या आत बसायचं. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं त्या पाटावर काढली होती. सहा वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा सांडला, मग हातातली सुरी निसटली, मग पट्ट्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप छान लागायची. हात झोपेतही थरथरायचा.

तेव्हापासून आतल्या खोलीत डावरी बूड घालत होती आणि बाहेर ओट्यावर म्हातारा बसत होता. तसं कुणी ठरवलं नव्हतं. एके दिवशी ती पूर्ण झालेली टोपली बाहेर ठेवायला गेली, त्याने ती उचलून आपल्या पुढ्यात घेतली, आणि झालं. कार्ड त्याच्या नावाचं, गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचं. तीही काही बोलली नाही. बोलायला सवड लागते.

यात एकच भानगड होती. ती डावखुरी होती, म्हणून तर तिला सगळे डावरी म्हणायचे. उजव्या हाताचा माणूस विणतो तेव्हा पट्टी उजवीकडे चढत जाते; डावरीची डावीकडे चढायची. तिच्या आईने लहानपणी तिच्या हाताला फडकं बांधून पाहिलं होतं, मास्तरांनी छडी मारून पाहिली होती. सासरी आल्यावर तिने हौसेने विणलेली पहिली टोपली सासऱ्याने डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाला, “उलटी आहे. हिच्यात अंडी ठेवली तर पिल्लं मागं मागं चालतील.”

पुढे तिच्याच टोपल्या विकायची वेळ आली, तेव्हा तो बाजारात त्या पालथ्या मांडायचा, म्हणजे वळण लक्षात येऊ नये. पण वळणाची गंमत अशी की टोपली सुलटी ठेवा नाहीतर पालथी, डावं ते डावंच राहतं. हे त्याच्या लक्षात यायला दोन बाजार जावे लागले. गिऱ्हाइकाच्या लक्षात कधीच आलं नाही. आत टोमॅटो किती मावतात एवढंच त्याने पाहिलं.

चार वर्षांपूर्वी मात्र शहरातून एक बाई आल्या होत्या. लोकांच्या कलांवर पुस्तक लिहीत होत्या. त्यांनी सहा टोपल्या बोटांनी चाचपून चाचपून निवडल्या, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढला आणि गेल्या. त्या दिवशी डावरीने चहा केला होता, एवढीच तिची त्यातली नोंद.

“काय म्हणाला डेपोवाला?” म्हाताऱ्याने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने मांडीतली अर्धी टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाला, “येऊ दे समिती. कार्ड माझ्या नावाचं आहे. बूड मीच घालणार.”

“मामंजी, हात...”

“हात माझा आहे.”

संध्याकाळी नवरा आला. त्याला सगळे टबवाला म्हणायचे, कारण तो मोपेडवर प्लास्टिकचे टब, बादल्या आणि क्रेट बांधून आसपासच्या वस्त्यांवर विकत फिरायचा. बापाच्या धंद्याचा गळा पोराने दाबला, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो म्हणायचा, “कुणीतरी दाबणारच होतं. परक्यापेक्षा घरचा बरा.” बापलेकाचं यावर एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यानंतर ते जेवणापुरते बोलायचे.

“बाबा बूड घालणार?” त्याने बायकोला हळूच विचारलं. “ते सदऱ्याची गुंडी घालू शकत नाहीत.”

“घालतील,” डावरी म्हणाली. “आठ दिवस आहेत.”

परसात दोनच बांबू उरले होते. त्यातला एक तिने चिरला. कामट्या नेहमीपेक्षा पातळ काढल्या, पट्ट्या तर इतक्या पातळ की आरपार ऊन दिसावं. मग त्या रात्रभर पाण्यात भिजत घातल्या, कारण या वाऱ्यात कोरडी पट्टी बोटावर घेतली की काडकन मोडायची. भिजत घालायला घरात एकच मोठं भांडं होतं, नवऱ्याच्या मालातला निळा टब. म्हातारा त्या टबाला हात लावायचा नाही. पट्टी हवी झाली की म्हणायचा, “काढून दे.”

आतल्या खोलीचं दार लावून तो बसायचा. बाहेरून डावरीला आवाज कळायचे. पट्टी सुटल्याचा, कामटी जमिनीवर आपटल्याचा, मग एक शिवी, मग बराच वेळ काही नाही. एकदा तिने पाणी द्यायच्या निमित्ताने दार ढकललं. तो उजवं मनगट गुडघ्याखाली दाबून, नुसत्या बोटांनी पट्टी सरकवत होता. डावा हात उजव्याला धरून बसला होता. तोंड भट्टीपुढे बसल्यासारखं लाल झालं होतं.

“काय बघतेस?”

“पाणी.”

“ठेव आणि जा.”

आठव्या दिवशी बूड बसलं. एका बाजूला किंचित कलतं, पण घट्ट. त्याने ते जमिनीवर आपटून पाहिलं, सुटलं नाही. जेवताना तो दुसऱ्यांदा भात मागून घेऊन जेवला.

समितीत दोघं होते. एक साहेब, बगलेत फाइल. दुसऱ्या त्याच पुस्तकवाल्या बाई. चार वर्षांत त्यांचं पुस्तक निघालं होतं आणि त्या आता तज्ज्ञ झाल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी ओटा, दार, छप्पर सगळं डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, “तो निळा टब जरा बाजूला घ्याल का? फोटोत येतोय.”

टब पाण्याने काठोकाठ भरलेला होता. डावरीने एका बाजूने धरला, नवऱ्याने दुसऱ्या. निम्मं पाणी दोघांच्या पायांवर गेलं.

“आणि ती मोपेड?”

नवऱ्याने मोपेड घरामागे नेली. परत आला तेव्हा बाई त्याच्या प्लास्टिकच्या चपलांकडे बघत होत्या. तो आपण होऊनच मोपेडजवळ जाऊन उभा राहिला.

म्हाताऱ्याने सुरुवात केली. आठ कामट्या चांदणीसारख्या मांडल्या, पायाच्या अंगठ्याने दाबल्या. पहिली पट्टी निसटली. दुसऱ्यांदा घेतली. मनगट गुडघ्याखाली गेलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. दाराआड उभ्या असलेल्या डावरीची बोटं पदराखाली आपोआप हलत होती; एक खाली, एक वर. म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून घाम कामटीवर पडत होता. चौथा फेरा झाला, पाचवा झाला. सातव्या फेऱ्याला त्याने पट्टीचं टोक आत खोचलं आणि बूड उचलून साहेबांपुढे धरलं. हातासकट बूडही थरथरत होतं, पण बूड होतं. सहा वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर ओट्यावर बसायच्या लायकीचं हसू आलं.

बाईंनी बूड हातात घेतलं. फिरवलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“आजोबा, हे तर उजवं वळण आहे.”

“मग?”

“हे असं कुणीही घालतं. बाजारी वीण ही. तुमच्या घराण्याची खरी वीण घाला ना.” त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, जाड, गुळगुळीत कागदाचं, आणि पान उघडून त्याच्यासमोर धरलं. “हे बघा. तुमचीच टोपली. मी वाचून दाखवते. ‘डाव्या वळणाची ही दुर्मिळ वीण या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. मधली एकमेव काळी पट्टी जीवनातल्या अंधाराचं प्रतीक आहे.’”

डावरीने दाराआडून पान पाहिलं. टोपली तिची होती. काळी पट्टीही तिचीच. त्या दिवशी पट्ट्या कमी पडल्या होत्या, म्हणून चुलीवरच्या फळीवर पडून धुराने काळा झालेला एक तुकडा तिने सोलून वापरला होता. जीवनात अंधार होताच, पण तो तिने टोपलीत घातला नव्हता.

“मी चाळीस वर्षं उजवंच घातलं,” म्हातारा म्हणाला.

“मग ही टोपली कुणाची?” साहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी फाइलमधून पेन काढलं. “तुमच्या नावावर तुमच्या नसलेल्या टोपल्या गेल्यात का? तसं असेल तर जुनं कार्डही खोटं ठरेल.”

डावरीचं सगळं अंग कानांत गोळा झालं. आता सांगेल, असं वाटून तिचा जीव एकदम वर आला. आणि सांगितलं तर बांबू कायमचा गेला, हे कळून तसाच खाली बसला.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. “आज चष्मा नाही,” तो म्हणाला. “म्हणून चुकलं.”

चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता. साहेबांनी चष्म्याकडे पाहिलं, बाईंनी पाहिलं. मग साहेबांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “चष्म्याअभावी चाचणी अपूर्ण. पंधरा दिवसांनी कार्यालयात फेरचाचणी.”

चहा न घेता दोघं गेले. उजव्या वळणाचं बूड ओट्यावर पडून राहिलं. संध्याकाळी म्हाताऱ्यानेच ते पायाने ढकलून चुलीकडे सारलं.

तिसऱ्या दिवशी मळेवाला आला. ओट्यावर न टेकताच म्हणाला, “साठ टोपल्यांचं काय? नसतील तर तसं सांगा. मला क्रेट घ्यावे लागतील.” टबवाला तिथेच मोपेडला दोरी आवळत होता. त्याच्याकडे क्रेट होते. तो तोंडातून चकार शब्द न काढता नुसती दोरी आवळत राहिला. बापाने ते पाहिलं.

“महिना थांबा,” डावरी म्हणाली.

“टोमॅटोला सांगून बघतो,” मळेवाला म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर नवरा बोलला. “बाबा, सांगून टाका ना सरळ. ती घालते म्हणून.”

“आणि मी काय करतो म्हणून सांगू?”

नवऱ्याने दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“तिच्या नावाने कार्ड निघत असेल तर...” नवरा पुटपुटला.

“विचारून आले मी डेपोवर,” डावरी म्हणाली. “जुन्या कामाचा पुरावा लागतो. माझा पुरावा आहे, पुस्तकात. त्याखाली नाव मामंजींचं आहे.” ती हे भांडण म्हणून बोलली नाही. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढावा तसं बोलली. पाठ दुखत होती, आणि अजून पाणी भरायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती आतल्या खोलीत झाडत होती. म्हातारा आत आला. त्याच्या बगलेत ओट्यावरचा पाट होता. पाट त्याने भिंतीशी ठेवला, वर बसला, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “शिकव.”

“काय?”

“तुझं ते उलटं.”

डावरी केरसुणी हातात धरून उभी राहिली. चार-दोन टोमणे तिच्या जिभेवर आयते तयार होते, इतक्या वर्षांत साठलेले, धारदार. अंड्यांचा तर होताच. पण तिला एकदम दमल्यासारखं झालं. तिने केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि दुसरा बांबू चिरायला घेतला.

शेवटचाच बांबू होता. बूड घालायचं, उसवायचं, त्याच पट्ट्यांनी पुन्हा घालायचं. ती त्याच्यासमोर बसून दाखवायची.

“पट्टी खालून घ्या.”

“खालूनच घेतली.”

“ती वरून आहे, मामंजी.”

“तुझ्याकडून वरून असेल. माझ्याकडून खालून आहे.”

“आता डावीकडे.”

“ही काय डावीकडेच चाललीय.”

ती उजवीकडे चालली होती. तो समोर बसून तिच्या हातांकडे बघत होता आणि आरशात बघावं तसं सगळं उलट करत होता. दोन दिवस असेच गेले. पट्ट्यांना कुसं सुटायला लागली. म्हातारा त्रासला. “तुला तरी कुणी शिकवलं हे असलं?”

“तुम्ही.”

“मी? मी जन्मात डावं घातलं नाही.”

“तुम्ही ओट्यावर बसायचात, मी दारात. तुमच्या समोर. कुणी शिकवत तर नव्हतंच, बघून बघून घेतलं. तुम्ही तिकडे नेलीत की मी इकडे न्यायची. हात डावाच होता, लगेच बसलं.”

म्हाताऱ्याने हातातली पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. “तरीच,” एवढंच म्हणाला.

मग ती उठली आणि त्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून बसली. या घरात आल्यापासून ती सासऱ्याच्या शेजारी कधी बसली नव्हती. त्याच्या अंगाला गोळ्यांचा आणि ओल्या बांबूचा वास येत होता. तोही जरा आक्रसून बसला. दोघं एकाच दिशेला बघायला लागल्यावर डावं डावीकडे गेलं.

आणि तेव्हा एक गोष्ट दोघांच्या एकदमच लक्षात आली. म्हाताऱ्याचा डावा हात थरथरत नव्हता. सहा वर्षं त्या हाताला उजव्याला धरून ठेवण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आता पट्टी त्याच्या बोटांत होती आणि तो अडाण्यासारखा, पण शांतपणे, एक खाली एक वर असा चालला होता. उजवा मांडीवर पडून एकटाच थरथरत होता.

“बघ की,” म्हातारा हळूच म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

“बघितलं. पट्टी आवळा, ढिली पडतेय.”

“आवळतो ना. ओरडतेस काय?”

कार्यालयात फेरचाचणीसाठी भिंतीकडेच्या सगळ्या खुर्च्या उचलून जमिनीवर चटई अंथरली होती, कारण कारागीर खुर्चीवर बसलेला चांगला दिसत नाही. साहेब आणि बाई खुर्च्यांवर होते. पंखा चालू होता. पट्ट्या वाळतील म्हणून डावरीने तो बंद करायला सांगितला, तेव्हा साहेबांनी नाराजीने केला. सगळेच घामाघूम झाले. तेवढ्यापुरती समानता आली.

म्हाताऱ्याने नाकावर चष्मा नीट बसवला, तो सगळ्यांना दिसेल असा. आणि डाव्या हाताने बूड घातलं. सावकाश, पण न चुकता, न निसटता. शेवटच्या बांबूच्या शेवटच्या धडक्या पट्ट्या होत्या. सातव्या फेऱ्याला टोक आत गेलं. बाईंनी टाळीच वाजवली.

“हेच ते! बघा साहेब, हीच ती पिढीजात वीण. हात कसा आपोआप चालतो!”

मग साहेबांनी कॉम्प्युटरवरच्या माणसाला खूण केली. नाव झालं, वय झालं, कलेचा प्रकार झाला.

“गुरू?” कॉम्प्युटरवाल्याने विचारलं. “ही वीण कुणाकडून शिकलात?”

डावरी चटईच्या कडेला पट्ट्यांची पिशवी धरून बसली होती. वडील म्हणायचं, आणि उठायचं, एवढंच बाकी होतं. डेपो पाचला बंद होत होता.

“सुनेकडून,” म्हातारा म्हणाला.

कॉम्प्युटरवाल्याने यादी वरखाली केली. “यादीत सून नाही. वडील, आजोबा, पणजोबा, काका, इतर.”

बाई हसल्या. “आजोबा फार मिश्कील आहेत.”

“मिश्कील नाही,” म्हातारा म्हणाला. “त्या पुस्तकातल्या सहाच्या सहा टोपल्या हिच्या आहेत. ही बसलीय ती. मी उजव्या हाताचा माणूस. या पंधरा दिवसांत शिकलो.”

डावरीच्या हातातली पिशवी चुरगळली. गेलं, असं तिला वाटलं. कार्ड गेलं, डेपो गेला, साठ टोपल्या गेल्या. ती म्हाताऱ्याकडे बघत राहिली. तो साहेबांकडे बघत होता. उजवा हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरायचा.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं. ते साहेबांच्या टेबलावरच होतं, वर पेपरवेट. साहेबांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला.

“आजोबा,” साहेब शेवटी म्हणाले, फार समजुतीने, “आता पुस्तक छापून झालंय.”

“मग?”

“मग काही नाही. इतर लिही रे.”

कॉम्प्युटरवाल्याने ‘इतर’ दाबलं. मशीनमधून कार्ड बाहेर आलं, गरम. साहेबांनी उठून पंखा लावला.

जिन्यावर म्हातारा मध्येच थांबला. “मी सांगितलं,” तो म्हणाला.

“ऐकलं मी, मामंजी.”

“त्यांनी लिहिलं नाही.”

“नाही लिहिलं. पाय बघून टाका, पायरी तुटलीय.”

डेपो बंद व्हायला दहा मिनिटं असताना ते पोचले. कारकुनाने कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि शिक्का मारला. “बघा, झालं की नाही? उगाच घाबरता.” मोळी डावरीने बांधली. नवरा मोपेड घेऊन आला होता. टब नव्हते, मागची बाजू मोकळी होती. त्याने मोळीचं एक टोक उचलून मोपेडवर घेतलं, आणि बापाने ते घेऊ दिलं.

मळेवाल्याने निम्म्या मालासाठी क्रेट घेतले होते. तीस टोपल्यांची मागणी राहिली. वर बाईंचा निरोप आला, प्रदर्शनासाठी वीस टोपल्या हव्यात, डाव्या वळणाच्या, आणि प्रत्येकीत काळी पट्टी मात्र हवीच. डावरीने कामट्यांचा एक भारा चुलीवरच्या फळीवर रचला. अंधार पडायला महिना तरी लागणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं आतल्या खोलीत सामान मांडलं. बाहेरून म्हाताऱ्याने हाक मारली. ओट्यावर पाट मांडलेला होता आणि तो स्वतः दारात, उंबऱ्याला टेकून बसला होता, सुरी आणि कामट्या घेऊन.

“बस.”

“कुठे?”

“बूड घालणारा कुठे बसतो, माहीत नाही तुला?”

ती बसली. पाट तिला उंच वाटला. रस्त्याने जाणारा पहिला माणूस म्हणाला, “काय गं, आज तू बाहेर?” तिने उत्तर दिलं. दुसऱ्याने विचारलं, त्यालाही दिलं. सहाव्याला तिने नुसती मान हलवली. दुपारपर्यंत तीन बुडं झाली. आत असताना पाच व्हायची, कारण आत कुणी विचारायला येत नसे.

तीन वाजले आणि ऊन छपराखालून सरळ तिच्या तोंडावर आलं. तिने पदर पुढे ओढला. पट्ट्या हातातल्या हातात वाळायला लागल्या.

“मामंजी, इथे ऊन लागतं.”

“लागतं. तीननंतर.”

“आणि तुम्ही इतकी वर्षं...”

“पाट हलवायचा नाही. सवय होते.”

तिने पाट वीतभर सरकवला आणि पट्ट्यांवर पाणी शिंपडलं. दारातल्या सावलीतून येणारा सुरीचा आवाज थांबला होता. तिने मान वर केली. म्हाताऱ्याने चिरलेल्या कामट्यांतल्याच आठ मांडल्या होत्या आणि तिच्या हातांकडे बघत बघत डाव्या हाताने तो बूड घालत होता. समोर बसून बघत होता, त्यामुळे ते पुन्हा उजवीकडे वळत चाललं होतं.

सांगावं, असं तिला वाटलं. पण त्यासाठी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसावं लागलं असतं, आणि तिच्या हातातल्या बुडाचा पाचवा फेरा चालू होता. तिने पुढची पट्टी खालून घेतली.